मिलर फिशर सिंड्रोम : डोळ्यांत प्रथम दिसणारा नसांचा आजार

पापणी उचलेनाशी झाली, एका वस्तूच्या दोन दिसू लागल्या अथवा तोंड वाकडे झाले, की वारणाकाठी 'वारे गेले' असे म्हणण्याचा प्रघात आहे. मग तेल चोळण्यात मोलाचे दिवस जातात. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. रुग्णालयाचा जमाखर्च पाहणे हे आमचे काम. तथापि 'बरे होईल का? खर्च किती येईल?' हे प्रश्न नातलग आमच्यासमोरच मांडतात. म्हणून डॉक्टरांकडून समजून घेतलेली माहिती येथे देत आहोत.

मेंदूपासून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या आहेत. बुबुळ फिरविणे, चेहरा हलविणे, घास गिळणे ही कामे त्या करतात. गियाँ-बारे सिंड्रोम, अर्थात जीबीएस, या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. हा आजार वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्यास होतो. त्यात अशक्तपणा बहुधा पायांकडून वर चढतो. त्याचाच एक विरळ प्रकार कॅनडाचे डॉ. मिलर फिशर यांनी १९५६ साली वर्णिला. त्यात डोळ्यांची हालचाल थांबते, चालताना तोल जातो आणि गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसची साथ आली. दोनशेहून अधिक संशयित रुग्ण आढळले, काही दगावले. दूषित पाण्यातून पोटात जाणारा कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू अनेकांच्या तपासणीत सापडला. या जंतूच्या आवरणावरील द्रव्य आपल्या नसांवरील द्रव्यासारखे असते. चोरासारखा पोशाख केलेल्या घरच्याच माणसावर पहारेकऱ्याने काठी उगारावी, तसे हे घडते. हा आजार रुग्णाच्या स्पर्शाने पसरत नाही. मात्र जुलाबानंतर आठवडा-दोन आठवड्यांत अशी लक्षणे दिसल्यास दुर्लक्ष नको.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. उसाच्या पट्ट्यात रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पापण्या सकाळी मिटलेल्या आढळल्या, तर मण्यारीचा दंशही संभवतो. तिच्या दंशाची खूण पुष्कळदा दिसतही नाही. अर्धांगवायूतही तोंड वाकडे होते. म्हणून घरी निदान करू नये. गिळताना ठसका लागणे, आवाज बदलणे व धाप लागणे ही धोक्याची चिन्हे होत. जीबीएसच्या सुमारे चौथाई रुग्णांना कृत्रिम श्वसनयंत्र लागते. अशा वेळी अतिदक्षता विभाग गाठण्यास तासाचाही विलंब परवडत नाही.

आता खर्चाचा हिशेब. इम्युनोग्लोब्युलिन या औषधाची एकूण मात्रा वजनाच्या दर किलोस दोन ग्रॅम असते. साठ किलोच्या रुग्णास १२० ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या २४ बाटल्या लागतात. आणि एकेका बाटलीची किंमत हजारांच्या घरात आहे. रक्तातील प्लाझ्मा बदलणे हा तितकाच गुणकारी दुसरा मार्ग. इम्युनोग्लोब्युलिन लक्षणे सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत सुरू व्हावे. तेल चोळण्यात गेलेले दिवस याच मुदतीतून वजा होतात. दिलाशाची गोष्ट अशी, की निव्वळ मिलर फिशर प्रकारातील बहुतेक रुग्ण काही महिन्यांत बरे होतात आणि सर्वांनाच हे औषध लागते असे नाही. कोणास द्यावे, हा निर्णय तज्ज्ञांचा.

हे औषध कारखान्यात कृत्रिमरीत्या बनत नाही. हजारो दात्यांच्या प्लाझ्मातून ते काढले जाते. म्हणजे एका अनोळखी रुग्णाची पापणी पुन्हा उघडावी यासाठी हजारो अनोळखी हात लागलेले असतात. आपल्या देणगीचेही तसेच आहे. ताळेबंदात ती एका आकड्याच्या रूपाने दिसते. पण एखाद्या गरीब कुटुंबाला जमीन गहाण न ठेवता वेळेत उपचार मिळतात, तेव्हा त्या आकड्याचा खरा अर्थ आम्हांस उमगतो. दात्यांचे हे ऋण नम्रपणे स्मरून एवढीच विनंती, की पाणी उकळून प्यावे आणि 'वारे गेले' म्हणण्याआधी रुग्णालय गाठावे.