रिपोर्टातलं ‘हर-टू २+’

प्रश्न : आत्याच्या स्तनातल्या गाठीचा तुकडा नाशिकला तपासला. रिपोर्टात ‘हर-टू २+’ लिहिलंय. डॉक्टर अजून हर-टूवरचं औषध सुरू करत नाहीत. असं का? – एक वाचक, हरसूल

उत्तर : हर-टू हे पेशीच्या आवरणावरचं ग्राहक प्रथिन. वाढीचा संदेश ते पेशीच्या आत पोचवतं. काही गाठींमध्ये त्याच्या जनुकाच्या प्रती वाढतात, आवरणावर या प्रथिनाची गर्दी होते आणि पेशी विभागतच राहतात. ते ओळखण्यासाठी तुकड्याच्या अतिपातळ कापावर प्रयोगशाळेत प्रतिपिंड सोडतात. ते हर-टूलाच चिकटतं, मग रसायनानं तिथे तपकिरी रंग उमटतो. बऱ्याच पेशींभोवती गडद, पूर्ण कडं दिसलं तर ३+, म्हणजे पॉझिटिव्ह. ० किंवा १+ निगेटिव्ह. २+ मात्र अनिर्णित. तेव्हा डॉक्टर थांबलेत ते योग्यच आहे.

आता ‘फिश’ चाचणीबद्दल विचारा. तीत जनुकाच्या प्रतीच मोजतात. सहसा जुनाच तुकडा चालतो, आत्यांना पुन्हा सुई टोचावी लागत नाही. त्यासाठी मेणातला ब्लॉक प्रयोगशाळेतून मागून घ्या आणि जिवापाड जपा; मुंबईला टाटा रुग्णालयात दाखवायचं ठरलं तरी तोच लागेल.

तुकडा काढल्याबरोबर फॉर्मॅलिनमध्ये घातला होता का, हेही विचारा. तिथे तो ६ ते ७२ तास राहायला हवा. नुसत्या सलाईनमध्ये पाठवलेल्या तुकड्यावर चांगलं प्रतिपिंडही फसतं.

फिश पॉझिटिव्ह आली तर ट्रास्टुझुमॅब देतात. तेही प्रतिपिंडच, अमेरिकेत १९९८मध्ये मान्यता मिळालेलं. भारतात बनणारी त्याची स्वस्त रूपं मिळतात. खर्चासाठी रुग्णालयात महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी आधीच करा.