बोर्डाचा कागद आधी मिळवा

‘आजार सेवेमुळे उद्भवलेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही.’ सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त हवालदारांचा डिसॅबिलिटी पेन्शनचा दावा एवढ्याच वाक्यावर नामंजूर झाला. भरतीच्या तपासणीत ते धडधाकट ठरले होते. उच्च रक्तदाबाचं दुखणं जडलं ते उंचावरच्या पोस्टिंगनंतर. गावातल्या जाणत्यांनी सल्ला दिला, की अर्ज करत राहा, साहेब बदलले की काम होईल. हा सल्ला गावोगाव दिला जातो आणि त्यानेच सैनिकांचं सर्वांत जास्त नुकसान होतं.

कारण अर्जांनी मुदत वाढत नाही. नामंजुरीवर आधी खात्यातलं अपील करावं लागतं. तिथे अंतिम नकार आला, की सहा महिन्यांच्या आत सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जायचं. 2007 च्या कायद्याने हे न्यायाधिकरण स्थापन झालं आणि त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. उशीर सबळ कारण असेल तर माफ होतो, पण ते कारण पटवून द्यावं लागतं.

“तिथं आमची नाडी कुणी बघत नाही, कागद बघतात,” असं हे हवालदार आता भेटणाऱ्या प्रत्येक माजी सैनिकाला बजावतात. “आधी मेडिकल बोर्डाचा पूर्ण अहवाल हातात घ्या.” त्यांचं म्हणणं कायद्याला धरून आहे. अहवाल रेकॉर्ड ऑफिसकडून माहितीच्या अधिकारात मागता येतो. भरतीच्या वेळची वैद्यकीय नोंदही त्याबरोबरच मागवावी.

या दोन कागदांवर काय घडू शकतं, हे धरमवीर सिंग यांच्या खटल्यात दिसलं. सिग्नल कोअरमध्ये 1985 साली भरती झालेल्या या जवानाला सुमारे नऊ वर्षांनी फिट्सच्या आजारामुळे घरी पाठवलं. अपंगत्व 20 टक्के, पेन्शन शून्य! सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये नियमच समोर ठेवला: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेत उद्भवला असं सामान्यतः मानायचं. तो तेव्हा ओळखता येण्यासारखा नव्हता असं बोर्डाचं मत असेल, तर बोर्डाने कारणं लिहायची. इथे कारणंच नव्हती. धरमवीर यांना पेन्शन मिळाली.

पण या निकालाची प्रत जोडली की काम फत्ते, असं समजू नये. नरसिंग यादव यांच्या स्किझोफ्रेनियाच्या प्रकरणात 2019 मध्ये त्याच न्यायालयाने बोर्डाचं मत ग्राह्य धरलं. असे मानसिक आजार भरतीच्या तपासणीत सहसा कळत नाहीत, असं म्हटलं. म्हणून कुठे पोस्टिंग होती, त्रास केव्हा सुरू झाला, कोणत्या लष्करी रुग्णालयात दाखल केलं, हे तारखांसह मांडायला हवं. शिवाय 2023 मध्ये पात्रतेचे नवे नियम आले आहेत. आपल्याला कोणते लागू होतात, हे वकिलाकडून आधीच तपासून घ्यावं.

उशिरा गेलेल्याला पेन्शन मंजूर झाली तरी मागची थकबाकी सहसा अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. 2008 च्या तरसेम सिंग निकालापासून हे चालत आलं आहे. आणखी एक मागणी बरेच जण विसरतात. टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेण्याची सवलत, म्हणजे 20 टक्क्यांचे 50 धरणं, 2014 च्या राम अवतार निकालाने सेवेची मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाली. ती मागणी पहिल्याच अर्जात स्वतंत्र कलम करून लिहावी.