मोटारीच्या आत

मुलांनो, बोईसर स्टेशनाबाहेर रिक्षांची रांग तुम्ही नेहमी पाहता. बाहेरून साऱ्या रिक्षा सारख्याच दिसतात. आत डोकावून पाहिले, की प्रत्येकीचा थाट निराळा. कुणी रेक्झिनवर पांढऱ्या दोऱ्याने नक्षी शिवून घेतलेली असते, कुणी आरशाला गोंडे बांधलेले असतात, कुणी छताला फुलाफुलांचे अस्तर लावलेले असते. अस्तर, छत, पडदा हे शब्द तुम्हांला शिकवावे लागत नाहीत, कारण ते उर्दूतही आहेत. ‘नक्षी’ तर तुमच्या ‘नक्श’चीच बहीण.

माणूस ज्या जागेत दिवसाचे दहा-बारा तास काढतो, ती जागा तो आपल्या आवडीप्रमाणे सजवतोच. मुंबईचे टॅक्सीवालेही हेच करत. काळ्या-पिवळ्या टॅक्सीविषयी घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीचा तो कारखाना. लोक गाडीला फियाट म्हणत. १९७४ पासून तिला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. तिच्यात पुढे दोन वेगळी आसने नव्हती. ड्रायव्हर आणि शेजारचा प्रवासी यांच्यासाठी एकच लांब बाक होता. गिअरचा दांडा खाली जमिनीवर नसून स्टिअरिंगच्या खांबालाच जोडलेला असे. २०१५ साली ‘टॅक्सी फॅब्रिक’ नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यात तरुण चित्रकारांनी टॅक्सीच्या आसनांसाठी आणि छतासाठी खास चित्रांचे कापड तयार केले. मुंबईतील नोंदणी असलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ अखेर संपली आणि ती रस्त्यावरून गेली.

आता आसन कसे तयार होते ते पाहू. वरून मऊ दिसणाऱ्या आसनाच्या आत पोलादी सांगाडा असतो. त्यावर फोम आणि फोमवर कापड, चामडे किंवा रेक्झिन. रेक्झिन म्हणजे कापडावर दिलेला प्लास्टिकसारखा लेप. फोम हाही रासायनिक पदार्थांपासूनच तयार होतो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचेही कारखाने आहेत आणि रसायनांचेही. तेव्हा कापड व रसायन यांचा हा मेळ आपल्याकडच्या मुलांना समजायला जड जाऊ नये.

हल्लीच्या मोटारींत आणखी एक बदल दिसतो. पूर्वी पंख्याला, दिव्याला, रेडिओला वेगवेगळी बटणे असत. ती आता कमी होत चालली आहेत. त्यांच्या जागी मध्यभागी एक मोठी काच आली आहे. काचेला बोट लावले, की काम होते. दिसायला हे झोकदार आहे. पण बटण हाताला चाचपून सापडते, काचेवरचे चित्र पाहावे लागते. तेवढा वेळ ड्रायव्हरची नजर रस्त्यावरून हटते. युरोपात मोटारींची सुरक्षा तपासणाऱ्या ‘युरो एनकॅप’ या संस्थेने हे ओळखले. हॉर्न, वळण्याचे दिवे, पाणी पुसणारे वायपर यांसारख्या गोष्टींसाठी खरी बटणे किंवा दांडे असावेत, असा मुद्दा २०२६ पासून तिच्या गुणांच्या हिशोबात आहे. म्हणजे जुनी म्हणून टाकलेली वस्तू परत येत आहे.

काच, रंग, नक्षी या गोष्टी नजरेत भरतात. नजरेत न भरणारी एक वस्तू आसनाच्या कडेला लोंबत असते. तिचे नाव सुरक्षा पट्टा. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा हा तीन टोकांचा पट्टा स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतील अभियंता नील्स बोहलिन यांनी १९५९ साली तयार केला. कंपनीने तो इतर कारखान्यांनाही मोफत वापरू दिला.

विज्ञानाच्या तासाला तुम्ही जडत्व शिकला आहात. मोटार ताशी ८० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तुमचे शरीरही सेकंदाला सुमारे २२ मीटर पुढे जात असते. मोटार एकदम थांबली तरी शरीर थांबत नाही. पट्टा नसेल, तर समोर जे येईल तेच त्याला थांबवते.

आपल्याच पालघर जिल्ह्यात याची दुःखद साक्ष मिळाली. ४ सप्टेंबर २०२२ रोजी, रविवारी दुपारी, गुजरातकडून मुंबईला निघालेली एक महागडी मोटार चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली. बोईसरहून चिल्हार फाट्याला गेल्यावर जो अहमदाबाद महामार्ग लागतो, त्याच रस्त्यावर हे ठिकाण आहे. मोटारीत चौघे होते. पुढच्या आसनांवरील दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागचे दोघे मरण पावले. त्यांपैकी एक होते टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री. मागच्या दोघांनी पट्टा बांधलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. अपघाताच्या कारणांत गाडीच्या वेगाची आणि पुलाजवळ अरुंद होणाऱ्या रस्त्याचीही चर्चा झाली. पण आदळल्यानंतर त्याच मोटारीतील पुढचे आणि मागचे यांच्या नशिबात एवढा फरक का पडला, याचे उत्तर शोधताना पट्ट्याकडे पाहावेच लागते.

मागे बसणाऱ्यानेही पट्टा बांधावा हा नियम त्यावेळीही होता, फक्त तो कुणी पाळत नसे. तुम्ही लग्नाला किंवा ईदला नातेवाइकांच्या मोटारीतून जाता, तेव्हा मागे किती जण पट्टा बांधतात? बांधायचे म्हटले तरी अनेकदा बक्कल सापडत नाही. नवी मोटार घरी आली, की पहिली धाव सीट कव्हरच्या दुकानाकडे असते. मागच्या आसनाचे कव्हर घट्ट ओढून बसवतात आणि पट्ट्याचे बक्कल खाली गाडले जाते. कव्हर सुंदर दिसते, पट्टा मात्र निकामी होतो.

काही लोकांनी तर पुढच्या पट्ट्यावरही युक्ती शोधली. पट्टा न बांधल्यास मोटारीत घंटी वाजते. ती बंद करण्यासाठी बक्कलमध्ये नुसती खोटी पट्टी अडकवायची! अशा पट्ट्या उघडपणे विकल्या जात. २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना त्या काढून टाकण्याचा आदेश दिला. त्यानंतर १३ हजारांहून अधिक जाहिराती हटवण्यात आल्या. शिंपी बटण लावून देतो आणि आपण काजे शिवून बंद करतो, तसाच हा प्रकार.

हवेची पिशवी, म्हणजे एअरबॅग, ही काही मोटारींत आसनाच्या कडेच्या शिवणीतही बसवलेली असते. अपघाताच्या क्षणी ती शिवण फाडून बाहेर येते. वर जाड कव्हर असेल, तर तिची वाट अडते. म्हणून अशा आसनांसाठी कडेची शिवण सहज उसवेल असे वेगळे कव्हर मिळते. मागच्या बक्कलसाठीही कव्हरला चीर ठेवता येते. कारागिराला ते काम अवघड नाही. कापड कापण्याआधी त्याला सांगावे मात्र लागते.