परस्पर : एका तळ्याचं पाणी दुसऱ्या तळ्यात



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १०, श्लोक ९

या श्लोकात भगवंत आपल्या भक्तांचं वर्णन करतात. ज्यांचं चित्त आणि प्राण माझ्यातच गुंतले आहेत, ते एकमेकांना बोध करतात, माझ्याबद्दल बोलत राहतात, त्यातच समाधानी होतात आणि रमतात.

मी आज 'परस्पर' या एका शब्दावर अडलो. इथे एक सांगणारा आणि बाकीचे ऐकणारे, असं नाहीच. प्रत्येक जण देतोय आणि घेतोय. माउलींनी यावर फार सुंदर दृष्टांत दिलाय. शेजारशेजारची दोन तळी भरून आली की त्यांचं पाणी एकमेकांत मिसळतं. मग कोणतं पाणी कुणाचं, हे कसं सांगणार?

आता माझी एक चूक सांगतो.

दर गुरुवारी रात्री आम्ही आठ-नऊ जण एका मित्राच्या घरी ज्ञानेश्वरी वाचायला बसतो. सांगणारे दोघं. एक काकू, निवृत्त शिक्षिका. त्यांचं म्हणणं, आधी ओवी तोंडपाठ करा, अर्थ मागून येईल. दुसरा मी. मला पाठांतराचा कंटाळा, चर्चा रंगली की मी खूश. साहजिकच बडबडी मंडळी माझी लाडकी झाली.

आमच्यात एक मुलगा कधीच बोलायचा नाही. मान खाली, हातात पेन. एकदा मी सगळ्यांसमोर म्हणालो, "अरे, तू नुसता बसायला येतोस का? काहीतरी बोल की!" सगळे हसले. तोही हसला. पुढच्या गुरुवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

मग काकूंचा फोन आला. "तू त्याची वही कधी बघितलीस का रे?"

नव्हती बघितली. तो प्रत्येक ओवी हाताने उतरवून घ्यायचा आणि जुन्या मराठीतल्या अवघड शब्दांचे अर्थ शोधून समोर लाल पेनाने लिहायचा. दर बुधवारी काकू मला शब्दार्थ पाठवायच्या आणि मी ते गुरुवारी ऐटीत सांगायचो. ते त्याच्या वहीतले होते! "माझं नाव नको, असं तोच म्हणाला होता," काकू म्हणाल्या. "तो लिहून ऐकतो रे. तू बोलून ऐकतोस."

खरं सांगतो, त्या रात्री ज्ञानेश्वरी उघडायची लाज वाटली.

कारण हा ग्रंथ तरी कसा झाला? आज्ञा निवृत्तिनाथांची, म्हणजे थोरला भाऊच गुरू. निरूपण ज्ञानदेवांचं. आणि नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ते लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा. पुढे जवळजवळ तीनशे वर्षांनी नाथमहाराजांनी पाठभेद तपासून शके १५०६ मध्ये प्रत शुद्ध केली. सांगणारा, बोलणारा, लिहिणारा, तपासणारा. चौघांचे स्वभाव वेगळे, कामं वेगळी. लिहिणाऱ्याला कुणी "बोल की" म्हणून उठवलं असतं, तर आपल्या हातात काय राहिलं असतं?

गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवायच्या तीन गोष्टी सांगितल्यात : नम्र होणं, प्रश्न विचारणं आणि सेवा. तिन्ही हव्यातच. पण प्रत्येकाला त्यातली एक आधी जमते. मी फक्त प्रश्न विचारणाऱ्यांनाच साधक समजत होतो.

मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. तो म्हणाला, "राग नाही रे. मला बोलायची भीतीही नाही. पण मला सुचायला दोन दिवस लागतात." पंधरा दिवसांनी तो परत आला.

आता आमचा गुरुवार थोडा बदललाय. आधी दहा मिनिटं काकूंचं पाठांतर, मी पण करतो. मग पाच मिनिटं शांतता, ज्याला लिहायचंय त्याने लिहावं. मग चर्चा. आणि आजच्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या गुरुवारी दिलं तरी चालतं. सगळं गोड झालंय असं नाही हं! सारखे प्रश्न विचारणाऱ्या ताईमुळे काकूंच्या कपाळाला अजून आठ्या पडतात. पण परवा त्याच म्हणाल्या, "हे मला पन्नास वर्षांत कुणी विचारलं नव्हतं."

गंमत बघा, लगेच पुढच्या श्लोकात भगवंत म्हणतात, अशा भक्तांना बुद्धियोग मी देतो. म्हणजे शिकवणारा शेवटी तोच. मग माझीच पद्धत खरी, हा हट्ट कशाला?

आज एवढं करूया :

- आपल्या ग्रुपमधल्या सर्वांत शांत माणसाला एकट्याला भेटून विचारू, "तुला कसं शिकायला आवडतं?"
- जी पद्धत आपल्याला कंटाळवाणी वाटते, ती एकदा मनापासून करून बघू.
- कुणाकडून काही शिकलो असू, तर आज त्याचं नाव घेऊन सांगू. तो नकोच म्हणाला, तर निदान त्याला जाऊन सांगू.

प्रार्थना : विठुराया, माझं तळं भरलंय असं मला वाटतं, तेव्हा त्यात शेजारच्या तळ्याचं पाणी किती आहे, ते मला दाखव.

राम कृष्ण हरी!