तापाच्या औषधाचा हिशेब

मुलाला ताप आला की बहुतेक घरांत पॅरासिटामॉलची बाटली काढली जाते आणि ती निवड योग्यच असते. परंतु त्यातले किती द्यायचे याचे उत्तर ‘एक चमचा’ असे ठरून गेलेले असते, आणि घरगुती औषधोपचारातील सर्वांत गंभीर चूक येथेच घडते. पॅरासिटामॉलची मात्रा, म्हणजे एका वेळी द्यावयाचा डोस, मुलाच्या वजनावरून ठरते: दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार आणि शक्यतो सहा तासांचे अंतर, आणि २४ तासांत चारांहून अधिक डोस नाहीत.

अडचण अशी की एकाच औषधाच्या बाटल्या निरनिराळ्या तीव्रतेच्या असतात. साध्या सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये बहुधा १२० किंवा १२५ मिलिग्रॅम औषध असते, ‘डीएस’ लिहिलेल्या सिरपमध्ये तेवढ्याच द्रवात २५० मिलिग्रॅम, आणि तान्ह्या बाळांसाठीच्या ड्रॉप्समध्ये एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम. १० किलो वजनाच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचे असतील, तर १२५ च्या सिरपमधून ६ मिलिलिटर, डीएसमधून ३ आणि ड्रॉप्समधून केवळ दीड मिलिलिटर पुरते. ड्रॉप्सची बाटली लहान आणि ती बाळांसाठी असल्याने औषध सौम्य असेल असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात सिरप समजून ६ मिलिलिटर ड्रॉप्स पाजले गेले, तर पूर्ण दिवसाचे चार डोस एकदम पोटात जातात. म्हणून लेबलावरील मिलिग्रॅमचा आकडा दर वेळी वाचावा आणि स्वयंपाकघरातला चमचा, जो प्रत्येक घरी वेगळ्या मापाचा असतो, बाजूला ठेवून सोबतचे मापाचे झाकण, ड्रॉपर किंवा सुई नसलेली सिरिंज वापरावी.

सर्दीच्या अनेक मिश्र औषधांतही पॅरासिटामॉल असते, त्यामुळे तापाचे सिरप आणि सर्दीचे सिरप एकत्र दिल्यास तेच औषध नकळत दुप्पट होते. या औषधाचा थोडा अंश यकृतात विषारी घटकात रूपांतरित होतो. यकृत तो एरवी निष्प्रभ करते, परंतु मात्रा वाढली की ही क्षमता संपते आणि यकृताच्या पेशी मरू लागतात.

आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याविना देऊ नये. पावसाळ्यात आणि त्यानंतर, डेंग्यूची शंका असताना, ते टाळणेच इष्ट, कारण रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट्सच्या कामात ते अडथळा आणते आणि रक्तस्रावाचा धोका वाढवते. उलट्या-जुलाबांनी शरीरातले पाणी कमी झालेल्या मुलाच्या मूत्रपिंडांनाही त्याने इजा होऊ शकते. ॲस्पिरिनमुळे मुलांत रे सिंड्रोम हा मेंदू व यकृताचा दुर्मिळ पण जीवघेणा विकार संभवतो, आणि निमेसुलाइडला भारतात १२ वर्षांखालील मुलांसाठी २०११ पासून बंदी आहे. मोठ्यांची उरलेली गोळी मोडून मुलाला देण्याची सवय म्हणूनच घातक ठरते.

पॅरासिटामॉल तापाचे कारण दूर करत नाही, केवळ मुलाला आराम देते. त्यामुळे ताप असूनही खेळणाऱ्या मुलाला ते दिलेच पाहिजे असे नाही, आणि शांत झोपलेल्याला केवळ डोससाठी उठवण्याचेही कारण नाही. मात्र तीन महिन्यांखालील बाळाचा ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक भरला, मूल मलूल पडले, लघवी कमी झाली, श्वास जलद झाला, मान ताठली किंवा झटका आला, तर घरी वाट पाहू नये.

चुकून अधिक मात्रा दिली गेल्यास मूल पहिले काही तास, प्रसंगी पूर्ण दिवसभर, ठणठणीत दिसू शकते आणि तोवर यकृताची हानी सुरू झालेली असते; एन-ॲसिटिलसिस्टीन हा यावरचा उतारा पहिल्या आठ तासांत सर्वाधिक परिणामकारक ठरतो, त्यामुळे लक्षणांची वाट न पाहता, रागावण्यात वा लपवण्यात वेळ न दवडता, औषधाची बाटली सोबत घेऊन मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि किती औषध, किती वाजता दिले गेले ते तेथे नेमके सांगावे.