ऋतूंची पाटी : बालवर्गातील हातांचे शिक्षण

आपल्या समाजातील पालक तीन-चार वर्षांच्या लेकराला बालवर्गात घालतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, "पाटीवर काय लिहून घेता?" दुसरा प्रश्न जरा दबक्या आवाजात येतो. "मातीतच खेळवायचे असेल, तर शाळा कशाला?" हा प्रश्न अडाणीपणातून येत नाही. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात, दुसऱ्याच्या अंगणात, हातांच्या बळावरच राबल्या आणि ज्यांच्या हाती लेखणी फार उशिरा आली, त्या समाजाचा तो अनुभवसिद्ध प्रश्न आहे. म्हणून तो हसण्यावारी न नेता त्याचे सविस्तर उत्तर देणे हे आम्हां शिक्षकांचे कर्तव्य आहे. प्रस्तुत लेखात आम्ही तोच प्रयत्न करीत आहोत. बालवर्गात ऋतूप्रमाणे कोणते उपक्रम घ्यावेत, ते का घ्यावेत आणि मलकापूरसारख्या गावात ते कसे जमतात, याचा येथे विचार केला आहे.

थोडा इतिहास

लहान मुलाला वस्तू दाखवून, हाताळू देऊन शिकवावे, हा विचार परदेशातून आलेला नवा विचार नव्हे. मज्झिम निकायातील अम्बलट्ठिक-राहुलोवाद सुत्त आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. अट्ठकथेप्रमाणे राहुल तेव्हा सात वर्षांचा होता. खोटे बोलू नये, हे त्याला सांगताना भगवान बुद्धांनी पाण्याचे भांडे हाती घेतले. त्यात उरलेले थोडेसे पाणी दाखविले, ते ओतून दिले, भांडे पालथे केले, पुन्हा उलटून रिकामे दाखविले आणि प्रत्येक कृतीबरोबर एकेक गोष्ट सांगितली. मुलाच्या डोळ्यांसमोर भांडे होते, म्हणून उपदेश मनात उतरला. अध्यापनशास्त्राच्या दृष्टीने हा उत्तम पाठ होय.

आधुनिक काळात जर्मनीतील फ्रोबेल यांनी १८४० मध्ये आपल्या बालशाळेला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, घन आणि नळकांडे हीच त्यांची पहिली पाठ्यपुस्तके होती. १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने या बालशाळांवर बंदी घातली, ती १८६० मध्ये उठली. लहान मुलांच्या खेळाचीही सत्तेला भीती वाटू शकते, याची इतिहासात नोंद आहे. पुढे १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरी यांनी 'बालगृह' सुरू केले. आज माँटेसरी हे नाव महागड्या शाळांच्या पाट्यांवर दिसते. परंतु तिचा आरंभ कामकऱ्यांच्या मुलांसाठी झाला होता, हे विसरता कामा नये.

महाराष्ट्रात हे काम खेड्यापर्यंत नेले ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. विवाहानंतर ताराबाईंचे काही काळ अमरावतीत वास्तव्य होते, म्हणजे आपल्या वऱ्हाडाशीही त्यांचे नाते आहे. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी काम केले. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उभे राहिले आणि पुढे ते काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्त्यांच्या सान्निध्यात वाढले.

बोर्डीत एक अडचण स्पष्ट झाली. बालवाडी उघडली, तरी दलित आणि आदिवासी वस्तीतील मुले तिच्यापर्यंत पोहोचत नव्हती. तेव्हा बालवाडीच उठून त्या वस्तीच्या अंगणात गेली. तीच अंगणवाडी. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शिक्षक साहित्य घेऊन कुरणात गेले. ती कुरणशाळा. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने, खडे हेच साहित्य झाले. १९७५ च्या २ ऑक्टोबरला देशभर एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. गावोगावच्या पाट्यांवरील या शब्दामागे वंचितांच्या अंगणाचा इतिहास आहे, हे आपल्या मुलांना मोठेपणी अवश्य सांगावे.

हातकाम आणि जातकाम

आता पालकांच्या शंकेच्या मुळाशी जाऊ. 'हातांचे शिक्षण' या नावाखाली आपल्या मुलांना पुन्हा बापाच्या धंद्याला जुंपण्याचे प्रयत्न झालेले आहेत. मद्रास प्रांतात १९५३ मध्ये राजाजींच्या सरकारने प्राथमिक शाळेची वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा व्यवसाय शिकावा, अशी योजना आणली. तिला तीव्र विरोध झाला आणि १९५४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. जातिव्यवस्था ही कामाबरोबर काम करणाऱ्या माणसांचीही कायमची वाटणी करते, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात दाखवून दिले होते. त्यामुळे माती, चामडे, झाडू हे शब्द शाळेत ऐकले की आपल्या माणसाच्या मनात कळ उठते, हे स्वाभाविकच आहे.

परंतु बालवर्गातील हातकाम आणि जातीने लादलेले काम यांत मूलभूत भेद आहे. जातीने ठरविलेल्या कामात कोणते काम कोणाचे, हे जन्माने ठरते आणि त्यात प्रश्न विचारण्यास जागा नसते. बालवर्गात प्रत्येक काम प्रत्येकाचे असते आणि प्रत्येक कामातून प्रश्न निघतो. म्हणून आमचा पहिला नियम असा, की चिखल सर्वांनी कालवायचा, पाणी सर्वांनी वाढायचे आणि खेळ संपल्यावर केरसुणीही पाळीपाळीने सर्वांनीच धरायची. मुलगा असो वा मुलगी, कोणाचेही लेकरू असो. ही पाळी ज्या वर्गात पाळली जात नाही, तेथील उपक्रम कितीही रंगीत असले तरी व्यर्थ होत.

पावसाळा : मोजणे आणि उगवणे

आपले शैक्षणिक वर्ष मृगाच्या आगेमागे सुरू होते, ही बालशिक्षणाच्या दृष्टीने मोठीच सोय आहे. रुंद तोंडाची, सरळ बाजूंची एक बरणी उघड्या अंगणात ठेवावी. रोज सकाळी ठरलेल्या वेळी तीत जितके पाणी साचले असेल, तितक्याच उंचीची निळ्या कागदाची पट्टी कापून भिंतीवरच्या तक्त्यावर डकवावी आणि बरणी रिकामी करावी. पाऊस नसेल त्या दिवशी जागा कोरी ठेवावी. चार महिन्यांनी भिंतीवर लांब-आखूड पट्ट्यांची रांग उभी राहते. मुलांना 'आलेख' हा शब्द ठाऊक नसतो, पण कोणत्या आठवड्यात पावसाने दडी मारली, हे ती बोट ठेवून सांगतात.

दुसरा उपक्रम मातीचा. आपल्याकडची काळी माती आणि नळगंगेची वाळू यांचे दोन गोळे मुलांनी करावेत. वाळूचा गोळा सुकला की ढासळतो, काळ्या मातीचा गोळा घट्ट होतो आणि तडकतो. मग तळाशी भोके पाडलेल्या दोन प्लॅस्टिकच्या पेल्यांत माती आणि वाळू भरून सारखेच पाणी ओतावे. वाळूतून ते झरझर निघून जाते, माती ते धरून ठेवते. पाऊस संपल्यावरही शेतातली पऱ्हाटी कशावर तगून राहते, हे त्या पेल्यात दिसते.

तिसरा उपक्रम उगवणीचा. मूग, मटकी, ज्वारी रात्रभर भिजवून ओल्या फडक्यावर पसरावी आणि रोज एकेक दाणा कागदावर चिकटवून 'आजचा दाणा' म्हणून ठेवावा. मुगाला लवकर मोड येतो, तुरीला वेळ लागतो. वाट पाहणे हाही या वयातला अभ्यासच आहे. याच काळात वर्षावासाची गोष्ट सांगावी. पावसाळ्यात हिंडताना कोवळे गवत आणि बारीक जीव पायांखाली चिरडले जातात, अशी लोकांची तक्रार होती, म्हणून भिक्खूंनी तीन महिने एके ठिकाणी राहण्याचा नियम झाला. अंगणातला मृगाचा लाल मखमली किडा पाहताना मूल आपोआप पाय मागे घेते, तेव्हा ही गोष्ट त्याला कळलेली असते.

पोळ्याच्या सुमारास मातीचे बैल करावेत. नुसती काळी माती तडकते, म्हणून तीत बारीक वाळू आणि थोडा पिंजलेला कापूस मिसळावा. हे आपण सांगू नये. पहिला बैल तडकू द्यावा आणि काय करावे, हे मुलांना विचारावे.

हिवाळा : निवडणे आणि वेगळे करणे

दसरा-दिवाळीनंतर मलकापूर परिसरात कापसाच्या गाड्या दिसू लागतात. एक उमललेले बोंड प्रत्येक मुलाच्या हाती द्यावे. बोंडाचे कप्पे मोजावेत, रुईतून सरकी हाताने सोडवावी. एका बोंडाला किती वेळ लागतो, हे पाहिले म्हणजे जिनिंगचे यंत्र काय करते आणि आई दिवसभर शेतात काय वेचते, या दोन्हींचा अंदाज येतो. मग दोन बोटांत रुई पिळून धागा काढावा. पेन्सिल धरायला जी बोटे लागतात, तीच येथे कामाला लागतात.

तुराटीचे सारख्या लांबीचे, टोके घासलेले तुकडे करून दहा-दहाच्या जुड्या बांधाव्यात. दशक आणि एकक समजण्यासाठी यापेक्षा स्वस्त साधन नाही. ज्वारीच्या धांड्याच्या बैलगाड्या आपल्या आजोबांनी केल्या, नातवांनाही करू द्याव्यात. मात्र धांड्याची साल धारदार असते, ती शिक्षकाने सोलून द्यावी. हरभऱ्याचे घाटे फोडून एका घाट्यात किती दाणे, हे पाहावे आणि दाणे खाऊन टाकावेत. गणित असे गोड लागले पाहिजे.

थंडीच्या कोवळ्या उन्हात अंगणात एक काठी रोवावी. शाळा भरताना, जेवणाच्या सुट्टीत आणि शाळा सुटताना तिच्या सावलीच्या टोकाशी एकेक खडा ठेवावा. मुलांनी एकमेकांच्या सावल्याही खडूने आखाव्यात. सकाळी आखलेल्या आपल्याच सावलीत दुपारी आपण मावत नाही, हा शोध फार आनंदाचा असतो.

उन्हाळा : रंग आणि वाफ

फाल्गुनात पळस फुलतो. त्याची फुले गरम पाण्यात भिजविली की केशरी-पिवळा रंग मिळतो. त्यात कापडाचे तुकडे रंगवावेत. हळदीच्या पाण्याने रंगविलेल्या कागदावर साबणाच्या पाण्याने चित्र काढले, तर रेघ लाल उमटते आणि लिंबाचा रस लावला की ती पुन्हा पिवळी होते. यात जादू नाही, पदार्थांचा गुणधर्म आहे, हे तेव्हाच सांगावे. चमत्कारावर विश्वास न ठेवण्याचे शिक्षण येथूनच सुरू होते.

एकसारखे दोन ओले रुमाल, एक उन्हात आणि एक सावलीत, वाळत घालावेत आणि आधी कोणता वाळेल, याचा अंदाज सर्वांकडून घ्यावा. पक्ष्यांसाठी परळात पाणी ठेवून रोज किती आटले, यावर कोळशाने खूण करावी. सुट्टीत घरी करण्याजोगा एक अभ्यास असा. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात मध्यान्हीच्या सुमारास आपल्या भागात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते. आजोबांनी नातवंडासह ते पाहावे.

काही दक्षता

बाजारातील बियाण्याला, विशेषतः कपाशीच्या, विषारी औषध लावलेले असते. त्याचा गुलाबी, निळा रंग मुलांना मोहवितो. असे बियाणे वर्गात कदापि आणू नये. उगवणीसाठी घरचे खाण्याचे धान्यच वापरावे. फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली किंवा डबा, कितीही धुतला तरी, उपक्रमासाठी घेऊ नये. बारीक मणी आणि दाणे मुले नाका-कानात घालतात, म्हणून अगदी लहानांना मोठ्या वस्तू द्याव्यात आणि दाणे मोजून देऊन मोजूनच परत घ्यावेत. गरम पाणी शिक्षकाच्याच हाती असावे.

मग लेखन कधी?

येतेच. पिळणे, सोलणे, निवडणे, ओतणे यांनी बोटांत बळ येते. पट्ट्या डकविल्याने डावी-उजवी बाजू कळते. पाहिलेले सांगता सांगता वाक्य तयार होते. शिक्षकाने ते वाक्य मुलाच्याच शब्दांत, घरच्या वऱ्हाडी बोलीत, चित्राखाली लिहून द्यावे. आपले बोलणे कागदावर उतरलेले पाहणे, ही वाचनाची खरी सुरुवात होय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही वयाच्या तिसऱ्या ते आठव्या वर्षापर्यंतचा काळ पायाभूत स्तर मानून खेळ आणि कृती यांवर भर दिला आहे. मात्र पालकहो, आपली घाईही आम्ही जाणतो. पहिलीत जाईपर्यंत लेकरू लिहिते-वाचते होण्याच्या वाटेवर आहे की नाही, हे आम्हांला अवश्य विचारा. खेळाच्या नावाखाली लेकराचे वर्ष वाया जात असेल, तर ते खपवून घेऊ नका.

शेवटी माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. शाळेला देणगी म्हणजे पैसाच, असे नाही. जे शेती करतात, त्यांनी हंगामात पाटीभर बोंडे आणि तुराटीची एक पेंडी पाठवावी. जे सुतारकाम करतात, त्यांनी घासलेले लाकडी ठोकळे, जे शिवणकाम करतात, त्यांनी कापडाच्या चिंध्या द्याव्यात. जे नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईकडे आहेत, त्यांनी गावी आल्यावर बालवर्गात एक तास बसावे आणि आपण काय काम करतो, ते दोन हातांनी करून दाखवावे. येत्या मृगात बरणी अंगणात ठेवली जाईल. तिच्यातील पहिल्या पाण्याची पट्टी कापायला ज्यांना यावेसे वाटेल, त्या सर्व पालकांचे स्वागत आहे.