मोटारीची विजेवर चालणारी काच : दोष कसा शोधावा

आज पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारीं बैलगाडीच्या जागीं मोटार उभी असते. ती बहुधा दुसऱ्याकडून घेतलेली, दहाबारा वर्षें वापरलेली असते. अशा गाडींत इंजिनापेक्षां विजेचीं लहानसहान कामेंच अधिक त्रास देतात. त्यांपैकीं बटणानें वरखालीं होणाऱ्या काचेचा विचार या लेखांत करण्याचें योजिलें आहे.

प्रथम आमच्याच गाडीची हकीकत सांगतों. मृगाच्या पावसांत चालकाच्या बाजूची काच अर्धी खालीं येऊन अडली. रात्रीं मोठा पाऊस झाला व आसनावर ठेवलेली सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी भिजली. फुगून साल सुटलेलें तें बीं पेरणीच्या कामाचें राहिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं दुरुस्ती करणाऱ्यानें कांहींएक न तपासतां "मोटर गेली" असें सांगितलें, आणि आम्हीं नवी मोटर बसविली. काच तरीही हलली नाहीं. अखेर दोष सांपडला तो एका तुटलेल्या तारेंत! महसूल खात्यांत असतां, जागेवर पाहणी झाल्यावांचून हद्दीच्या तक्रारीचा कागद आम्हीं कधीं पुढें पाठविला नाहीं. स्वतःच्या गाडीच्या बाबतींत मात्र हा नियम विसरलों. वाचकांनीं तो विसरूं नये म्हणून पाहणीचा क्रम पुढें देत आहों.

१. ऐकणें. गाडीची चावी फिरवून बटण दाबावें व दाराशीं कान लावावा. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण काच हलत नाहीं, तर वीज व मोटर ठीक असून काच उचलणारी यंत्रणा, म्हणजे रेग्युलेटर, बिघडली आहे. तिची दोरी तुटली असेल किंवा प्लॅस्टिकची पकड निसटली असेल. आवाज नाहीं, पण बटण दाबतांच आंतील दिवा किंचित् मंद होतो, तर वीज मोटरपर्यंत पोहोंचत असून मोटर किंवा काच जाम झाली आहे. आवाजही नाहीं व दिवाही मंद होत नाहीं, तर विजेची वाट कोठें तरी तुटली आहे.

२. फ्यूज व बटण. सर्वच काचा बंद असल्यास प्रथम फ्यूज पाहावा. जळालेल्या फ्यूजच्या जागीं तितक्याच अँपिअरचा घालावा. मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घातल्यास तारा तापून गाडीस आग लागण्याचें भय असतें. इतर दारांच्याच काचा बंद असल्यास चालकाजवळील कुलुपाचें बटण चुकून दाबलें गेलें नाहीं ना, हें पाहावें. एखादी काच चालकाच्या बटणानें चालते व स्वतःच्या दाराच्या बटणानें चालत नाहीं, तर दोष त्या दाराच्या बटणांत समजावा.

३. तार. दार व खांब यांमध्यें एक रबरी नळी असते. दार उघडझांप करून तींतील तारा वांकतात व कालांतरानें तुटतात. बटण दाबून धरून दार हळूहळू हलवावें. मध्येंच काच चालली तर दोष तेथेंच आहे. आमचा दोष तेथेंच होता.

४. मोटर. दाराचें आंतील आवरण काढून मोटरची जोडणी सोडवावी व तिच्या दोन टोंकांस १२ व्होल्टचा दिवा लावावा. बटण वर व खालीं, दोन्हीकडे दाबलें असतां दिवा लागला, तर वीज येत आहे, दोष मोटरचा. दिवा लागला नाहीं, तर मोटर विकत घेऊं नये. बटण दाबून दारावर मुठीनें हलके ठोकतांच मोटर फिरूं लागली, तर तिचे ब्रश झिजले आहेत असें बहुधा समजावें.

५. खांच. काच चालते पण फार सावकाश, तर रबरी खांचेंतील धूळ ओल्या फडक्यानें पुसून काढावी व सिलिकॉनचा फवारा मारावा. इंजिनाचें तेल घालूं नये. त्यानें रबर फुगतें व धूळ अधिक बसते.

पावसांत काच अडल्यास एकानें बटण वर दाबावें व दुसऱ्यानें काच दोन तळहातांमध्यें धरून वर ओढावी. आवरण काढल्यावर यंत्रणेंत बोटें असतां कोणीही बटणास हात लावूं नये. लहान मुलांस तर त्या वेळीं गाडींत बसवूंच नये. नव्या, संगणकावर चालणाऱ्या गाड्यांस हा क्रम जसाचा तसा लागू पडत नाहीं. त्या जाणकाराकडेच न्याव्यात.

सारांश, प्रथम दोषाची जागा ठरवावी, मग पैशाची पिशवी सोडावी. या पाहणीस एक लहान दिवा व अर्धा तास पुरतो. आम्हीं तो अर्धा तास वांचविला आणि मोटरची किंमत व पेरणीचें बीं, दोन्ही गमावलीं.